ओठ दिसले पाहिजेत

॥ श्री ॥

अल्फारेटा, जॉर्जिया
५ जून २००६

ती. बाबांना मृणालिनीचा सा. न. वि. वि.

परवाच्या शनिवारी आपल्या वेबकॅमचं उद्घाटन एकदाचं पार पडलं. मी इकडे नवा कुर्ता घालून, केस विंचरून बसले होते आणि तुम्ही तिकडून एका बोटाने, इंग्रजीत, तोंड दिसत नाही एवढंच टाइप केलंत. त्याला इतका वेळ लागला की मला वाटलं, बाबा काहीतरी लांबलचक लिहिताहेत. आधी खूप हसले आणि मग वाईट वाटलं. फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. शंतनूने मागच्या खेपेला तुमच्याकडे कॉम्प्युटर बसवला, ब्रॉडबँड घेतलं, मी इथे कॅमेरा आणला, ते एवढ्याचसाठी की जेवणाच्या टेबलावर तुम्ही माझे ओठ बघून सगळं ओळखायचात तसं पुन्हा व्हावं. आई गेल्यापासून तुमच्यासमोर बसून बोलणारं तिथे कुणी नाही, याची मला सारखी टोचणी असते.

चित्र असं का येतं, ते मी शोधून काढते. तोवर पत्रं आहेतच. रोमन अक्षरांतलं मराठी तुम्हाला बघवत नाही, त्यामुळे ईमेलचा प्रश्नच नाही.

इथलं सगळं छान. शंतनूचं ओहायोचं प्रोजेक्ट अजून चालू आहे. सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत. मधले दिवस मी घरची राणी. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि गाडीचं लायसन्स अजून झालेलं नाही, त्यामुळे राज्य तसं छोटंच आहे. कॉम्प्लेक्सच्या मागे तळं आहे, तिथली बदकं मला ओळखायला लागली आहेत. एक तर इतकं आगाऊ आहे की पाव संपला तर पदरही ओढेल. मी साडी नेसत नाही हे माझं नशीब.

तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या. आशीर्वाद आहेतच, ते पत्रातून थोडे जास्त पाठवा.

तुमची
मृणाल

॥ श्री ॥

चिंचवड
१७ जून २००६

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बदकाची हकिगत शैलजाबाईंना वाचून दाखवली, त्या फार हसल्या. खालचा टायपिंग क्लास त्यांनी आता कॉम्प्युटर क्लास केला आहे, म्हणून पहिल्या दिवशी त्यांना मदतीला बोलावलं होतं. तू बोलायचं, त्यांनी ऐकून मला कागदावर लिहून द्यायचं, असं ठरलं होतं. तू चांगली बराच वेळ बोलत होतीस आणि बाईंनी कागदावर लिहिलं, ती बरी आहे म्हणते. बाकीचं कुठे गेलं ते त्यांनाच ठाऊक. तेव्हा मी ठरवलं की मला मधला माणूस नको. माझ्या मुलीचं बोलणं मला थेट पाहिजे. मरायच्या आत ते मिळालं की झालं, दुसरी काही हौस उरलेली नाही.

आता कामाचं. तीस वर्षं मी पत्र्याच्या प्रेसजवळ उभा राहून काढली. कान गेले, पण नजर अजून शाबूत आहे. गेल्या दोन्ही शनिवारी मी नीट बघितलं. तुझ्या पाठीमागे मोठी खिडकी आहे. तिचा उजेड कॅमेऱ्यात शिरतो आणि तुझा चेहरा तव्यासारखा काळा पडतो. पत्र्यावरचा पोचा बघायचा तर आम्ही दिवा समोरून, जरा बाजूला धरायचो. तू टेबल फिरव आणि खिडकीकडे तोंड करून बस. छतावरचा दिवा घालव. त्याने नाकाची सावली बरोबर ओठांवर पडते.

माझी तब्येत ठीक. संध्याकाळी वीज जाते, पण शनिवारी आपल्या वेळेला असते. शंतनूरावांना आशीर्वाद सांग. त्यांना म्हणावं प्रवासात खाण्याची हयगय करू नका.

इतर ठीक. माया आहेच, ती कमी होणारी नव्हे.

तुझे
बाबा

॥ श्री ॥

अल्फारेटा
१ जुलै २००६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोरमनसाहेबांचा हुकूम तामील केला. टेबल फिरवलं, खिडकी समोर आली, छतावरचा दिवा बंद. खालच्या मजल्यावरची रुपाली आली होती. ती नागपूरची, इथे एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि दिवसभर कॉन्फरन्स कॉलवर असते. ती म्हणाली की, काकांना लाइटिंगचं यार आमच्या आयटीवाल्यांपेक्षा जास्त कळतं. तिचा मुलगा आर्य पहिलीत आहे. त्याला मी मराठीत हाक मारली की तो इंग्रजीत उत्तर देतो आणि माझ्याकडे असं बघतो की मीच काहीतरी चुकले आहे.

आणखी एक बातमी म्हणजे मी नवा कॅमेरा घेतला. पहिला अगदीच स्वस्तातला होता. हा घेताना दुकानातल्या माणसाने खूप मोठमोठे आकडे सांगितले, मी मान डोलवत राहिले. डब्यावर एका बाईचा फोटो आहे आणि तिची पापणीन् पापणी दिसते. तेव्हा आता काळजी नको. आज सकाळी तुम्ही सारखं, पुन्हा सांग, असं टाइप करत होतात. ते या नव्या कॅमेऱ्याची सवय नाही म्हणून असेल का? तुम्हाला काय दिसलं ते सविस्तर लिहा.

इकडे मंगळवारी चार जुलै, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. शंतनू मंगळवारी रात्री जाईल, म्हणजे या आठवड्यात एक दिवस जास्त मिळाला. आम्ही फटाके बघायला जाणार आहोत. बाकी माझं मजेत चाललंय. कढीपत्त्याच्या रोपाला नवी पानं आली.

पत्र लवकर लिहा. लोभाची मागणी मी कधी मागे घेणार नाही.

तुमची
मृणाल

॥ श्री ॥

चिंचवड
१४ जुलै २००६

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

नव्या कॅमेऱ्यात चेहरा फार सुरेख दिसतो. मंगळसूत्राचे मणी मोजता येतात. तू बारीक झाली आहेस, हेही त्यामुळे कळलं. पण बोलणं आधीपेक्षा कमी कळतं.

कारण सांगतो. एक सुंदर फोटो येतो, थांबतो, मग दुसरा सुंदर फोटो येतो. पहिल्यात ओठ मिटलेले, दुसऱ्यात उघडे, आणि मधली हालचाल गायब. ओठ वाचणाऱ्याला फोटोचा काही उपयोग नसतो, पोरी. बाबा म्हण, मामा म्हण, ओठ सारखेच मिटतात. पुढचे मागचे शब्द कसे येतात, गाल कसे हलतात, हनुवटी किती खाली जाते, त्या चालीवरून आम्ही ओळखतो. मी शैलजाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की जेवढं चित्र मोठं, तेवढी नळी तुंबते. मग माझ्या डोक्यात आलं की चित्र लहान करावं. मला तुझ्या पापण्या नकोत. पोस्टकार्डाएवढं चित्र पुरे, पण ते सलग हललं पाहिजे आणि ओठ दिसले पाहिजेत. सेटिंगमध्ये तशी काही सोय असते असं बाई म्हणाल्या. तेवढं बघ आणि आणखी खर्चात पडू नकोस.

तू दर शनिवारी एक वाक्य म्हणतेस ते मात्र मला अंदाजाने कळतं. मजेत आहे, असं ते असावं. त्याच्या पुढचं काही हाती लागत नाही. तू वर्गात गणित शिकवायचीस तेव्हा शेजारच्या वर्गातल्या मुलांचीही गणितं सुटायची, असं तुझी आई सांगायची. तो तुझा आवाज काही माझ्या नशिबात नव्हता. तेव्हा निदान हे तरी जमवू.

कढीपत्त्याला ताक घालत जा. बाकी क्षेम. ओढ आहे, ती जाणून असावे.

तुझे
बाबा

॥ श्री ॥

अल्फारेटा
३० जुलै २००६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आता मात्र माझ्या कारागिरीचं कौतुक करा. चित्र लहान केलं. त्याने खरंच फरक पडला, स्क्रीनवरच्या माझ्या चौकटीत मी स्वतःला बघते तर हात हलवला की हातच हलतो, आधीसारखा गायब होऊन दुसरीकडे उगवत नाही. रुपालीने सांगितलं म्हणून वायरलेस काढून लांब केबल आणली, ती दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत गेली आहे आणि शंतनू तिला अडखळून दर शुक्रवारी एकदा तरी पडता पडता वाचतो. टेबललॅम्पवर बेकिंगचा कागद चिकटवला, त्यामुळे उजेड मऊ पडतो. आणि सांगायला लाज वाटते, पण रुपालीने मला गडद मरून लिपस्टिक दिली. का, तर ओठ उठून दिसावेत म्हणून. वडिलांशी बोलायला शनिवारी सकाळी लिपस्टिक लावून बसणारी मुलगी अख्ख्या जॉर्जियात मी एकटीच असेन. आई असती तर काय म्हणाली असती कुणास ठाऊक.

काल कुकर झाला म्हणून मी उठले तेव्हा रुपाली माझ्या खुर्चीत बसून तुमच्याशी काहीतरी बोलत होती. तिने डोकं खाल्लं नाही ना? मी परत आल्यावर तुम्ही पुन्हा तेच टाइप केलंत, पुन्हा सांग. बाबा, मला रडू यायचंच बाकी राहिलं. आता आणखी काय करू? शंतनू म्हणाला की ऑफिसमध्ये मीटिंगला वापरतात तसला भारी कॅमेरा मागवू. मी हो म्हणून टाकलं आहे. तो आला की सगळं नक्की जमेल.

इथे ऊन मी म्हणतंय. तळ्याकडे हल्ली फारशी जात नाही. बाकी मी मजेत.

रागावू नका, आणि माझ्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची
मृणाल

॥ श्री ॥

चिंचवड
९ ऑगस्ट २००६

चि. मृणाल,

आधी ती कॅमेऱ्याची मागणी रद्द कर. मग पुढचं वाच.

त्या शनिवारी रुपालीबाई खुर्चीत बसल्या आणि मला त्यांचं सगळं कळलं. त्यांच्या आईचा गुडघा नागपूरला बदलायचा आहे. आर्यला वरणभात नको, पिझ्झा पाहिजे. त्या भराभरा बोलतात, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी, तरी माझं फारसं काही सुटलं नाही. तोच कॅमेरा, तोच दिवा, तीच खुर्ची. लिपस्टिकही त्यांनी लावली नव्हती. मग तू परत येऊन बसलीस आणि पुन्हा काही कळेना.

त्यांनी आणखी एक सांगितलं. तू येईपर्यंत घाईघाईने सांगितलं. म्हणाल्या की, काका, मी हिला सारखी बोलावते, ही येत नाही. घरात दिवा दिसतो, बेल वाजवली तरी दार उघडत नाही.

यंत्रात दोष नाही, मृणाल. चित्र केव्हाच सुधारलं आहे. तुझे ओठ हलत नाहीत. तू बोलतेस ते दातांच्या आतल्या आत, हनुवटीसुद्धा हलत नाही. बोलायची सवय मोडली की माणसाचं तोंड असं होतं. मला हे कुणी शिकवायला नको, माझं झालं होतं. कान गेले तेव्हा मला स्वतःचा आवाज ऐकू येईना, मग मी बोलणंच सोडलं. हो आणि नाही, एवढ्यावर वर्ष काढलं. तुझ्या आईने ते मोडून काढलं. ती सकाळी पोळ्या करायची आणि मी समोर बसून तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, अग्रलेखापासून निविदांपर्यंत. तू तेव्हा अकरावीत होतीस. तुला वाटायचं, बाबांना बातम्यांची हौस. मला कसली हौस, मी वाचल्याशिवाय तिने चहा दिला नसता.

तुझी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. पत्रात तू किती बोलतेस. म्हणूनच मी इतके दिवस फसलो.

मला एवढंच लिही की तू शेवटचं कुणाशी, कधी, पोटभर बोललीस. खोटं लिहू नकोस. मी इथे एकटा आहे, पण माझ्याकडे पेपरवाला येतो, शैलजाबाई येतात, दूधवाल्याशी मी रोज भांडतो. तुझ्याकडे कोण येतं ते मला कळलं पाहिजे.

तुझे
बाबा

॥ श्री ॥

अल्फारेटा
२२ ऑगस्ट २००६

ती. बाबा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मंगळवार होता. वाचलं, घडी घातली, परत वाचलं. शेवटचं कुणाशी बोलले ते आठवत बसले आणि मला आठवेना. त्याचीच इतकी भीती वाटली की मी पत्र घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले. घरात कुणी नसताना तिथे का गेले, ते मला सांगता येणार नाही.

सोमवार ते गुरुवार मी बोलत नाही, बाबा. ठरवून नाही. बोलायला कुणी नसतं. ग्रोसरीच्या दुकानात आता मशीनवर पैसे देता येतात. लायब्ररीतल्या बाई हसतात, मी हसते. गुरुवारी रात्री शंतनू थकून येतो, ओहायोचं सांगतो, जेवतो, मग म्हणतो की आता तू सांग. तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नसतं. त्याचा दोष नाही, तो विचारतो. जूनमध्ये एका गुरुवारी त्याला हाक मारायला गेले तर आवाजच फुटला नाही. त्याला वाटलं सर्दी झाली, त्याने खोकल्याचं औषध आणलं. मी ते निमूटपणे घेतलंही. रुपाली फार चांगली आहे. पण ती दारात आली की पहिलं विचारते, दिवसभर काय केलंस? त्याचं उत्तर द्यायला नको म्हणून मी आत गप्प उभी राहते, ती जाईपर्यंत.

पत्रात मला बोलता येतं. कागद तोंडाकडे बघत नाही. बदकाचा पदर वगैरे मी आठवडाभर मनात घोळवून ठेवते, तुम्हाला हसू यावं म्हणून. ते बदक पाव घेतं आणि जातं, एवढंच खरं आहे. आणि शनिवारी तुमच्यासमोर बसलं की मला धास्ती वाटायची. फोनवर आवाज हसरा करून कुणालाही फसवता येतं. तुमच्यापुढे ते चालत नाही. तोंड उघडलं तर तुम्ही सगळं वाचाल, म्हणून ते मिटलेलं राहायचं. मी कॅमेऱ्याला दोष देत राहिले आणि तुम्ही मला शोधत राहिलात.

तुमचं पत्र मी शंतनूला वाचायला दिलं. त्याने ते वाचून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला की त्याला एवढं कळलंच नव्हतं. तो ऑफिसमध्ये इथलं, अटलांटातलं काम मागणार आहे. मिळेल की नाही ते माहीत नाही, आणि मी त्यावर आशा लावून बसणार नाही असं ठरवलं आहे. काल मी रुपालीकडे गेले. दिवसभर काही केलं नाही, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली की बस, चहा टाकते, आणि मग काही विचारलं नाही.

आजपासून मोठ्याने वाचायला लागले आहे. इथे मराठी पेपर कुठून येणार, म्हणून तांदळाच्या पोत्यावरची माहिती वाचली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

हे पत्र तुमच्या हाती पडलं की त्या शनिवारी समोर बसेन. जे आहे ते सांगेन. तुम्ही फक्त बघा.

तुमची
मृणाल

॥ श्री ॥

चिंचवड
३ सप्टेंबर २००६

चि. मृणालिनीस पोटभर आशीर्वाद.

काल वीज जाईल की काय या धास्तीने मी दुपारपासून कॉम्प्युटरसमोर बसून होतो. शैलजाबाई गौरी-गणपतीचा प्रसाद घेऊन आल्या, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. त्या रागावल्या असतील. त्यांची समजूत मी काढीन.

तू बोललीस ते सगळं मला कळलं. मधे रडलीस तेव्हा काही शब्द गेले, ते मी मागितले नाहीत. शंतनूराव मागे उभे होते, त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तेही दिसलं. त्यांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. रागाचं नाही. एवढंच लिहिलं आहे की दिवाळीला तिला महिनाभर इकडे पाठवा, आणि त्याला काही कारण लागत नाही. तूही कारण शोधत बसू नकोस. तिकीट काढलंस की कळव. तोवर शनिवारची वाट बघायला नको. तुझ्याकडे सकाळ झाली की रोज बस आणि बोल, इथे वीज असेल तेवढा वेळ. काही सांगण्यासारखं नसलं तरी बोल. तांदळाचं पोतं वाचलंस तरी मी बघेन.

एक गोष्ट काल सांगायची राहिली, कारण मला टाइप करता येईना. तुझा आवाज मी शेवटचा ऐकला तो तू दहावीत असताना. त्यानंतरचा, कॉलेजातला, लग्नातला, वर्गात शिकवतानाचा, मला माहीत नाही. पण ओठ नीट दिसले आणि माणूस मनापासून बोलत असला की माझ्या कानात आवाज येतो. तुझ्या आईचा यायचा. काल तू बोलायला लागलीस आणि इतक्या वर्षांनी तुझा आला, तसाच, दहावीतला, शाळेतून आल्या आल्या दारातून हाक मारायचीस तो. त्या आवाजात तू मला म्हणालीस की, बाबा, मला इथे फार एकटं वाटतं.

मला ते ऐकू आलं, बाळ.

तुझे
बाबा